आतून पक्कं वाटलं, दोन्ही वेळा

जयसिंगपूरच्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: वय ३६, बँकेत कर्ज विभागात नोकरी, पुण्याला बढतीवर बदली मिळते आहे. घ्यावी की इथंच राहावं, हे तीन महिने झाले तरी ठरत नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘आतला आवाज ऐक.’ डोळे मिटून बसलं की त्यांना ऐकू येतो कुकर, नाहीतर उद्याच्या कामांची यादी. कोल्हापुरात गप्प बसणाऱ्यांचा एक गट आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलं. तर आतला आवाज आणि भीती यांतला फरक ओळखायचा कसा? आणि गप्पच बसायचं, तर त्यासाठी माणसं कशाला गोळा करायची?

ताई, तो गट आमचाच, आणि शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. ‘आम्ही आठ-दहा जण जमतो आणि काही बोलत नाही’ असं आमच्या कोल्हापुरात सांगितलं की समोरचा पहिलं विचारतो, ‘भांडण झालंय काय?’ त्याचं उत्तर देईन, पण आधी दोन रात्री सांगते. त्या सांगितल्याशिवाय पुढचं सगळं प्रवचन वाटेल.

मी ३१ वर्षं नर्स होते, शेवटची १२ वर्षं वॉर्ड सिस्टर. मी कुणाची गुरू नाही आणि मला कसलाही साक्षात्कार झालेला नाही.

पहिली रात्र. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस असलेला एक शेतकरी. नाडी, रक्तदाब, ताप, सगळं कागदावर ठीक. रात्री दीडच्या फेरीला मी त्याच्या खाटेपाशी थांबले आणि मला पुढं जाववेना. कारण विचाराल तर सांगता आलं नसतं. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं. ते आले, कागद बघितला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, ‘सर, मला तो बरा वाटत नाही.’ ‘म्हणजे काय होतंय?’ ‘माहीत नाही.’ बिचारे भले होते, पुन्हा तपासायला बसले. पोटात आत रक्तस्राव होत होता. पहाटे त्याला परत ऑपरेशनला घेतलं आणि तो वाचला. नंतर आठवून आठवून मी जोडलं: संध्याकाळपर्यंत ‘च्या द्या की ओ बाई’ म्हणून मागं लागलेला माणूस गप्प झाला होता. बोटांनी चादरीचा काठ सारखा चाळवत होता. लघवीच्या पिशवीतली रेघ दोन तास तिथंच होती. गुडघ्यांवरची कातडी जाळी पडल्यासारखी दिसत होती. डोळ्यांनी हे सगळं टिपलं होतं, जिभेपर्यंत काही आलं नव्हतं.

दुसरी रात्र त्यानंतर वर्षभरानं. रस्त्यात पडलेला म्हणून लोकांनी आणलेला एक जण. घामाघूम, कपडे मळलेले, जीभ जड, शिव्या देतोय. मला आतून कळलं: प्यायलेला आहे. अगदी तसंच कळलं, पोटात तोच पक्केपणा. मी त्याला कोपऱ्यातल्या खाटेवर टाकायला सांगितलं आणि दुसऱ्या पेशंटकडं वळले. इंटर्नशिपला आलेल्या एका पोरीनं सवय म्हणून त्याच्या बोटातून थेंब काढला. साखर ३८, धोक्याइतकी कमी. इन्सुलिन घेऊन जेवायचं राहून गेलेला सेंट्रिंग कामगार होता तो. दारूला आयुष्यात शिवलेला नव्हता. ग्लुकोज दिलं आणि थोड्याच वेळात तो उठून बसून माझीच माफी मागायला लागला. ते मला आजही सहन होत नाही.

या दोन रात्री मी नऊ वर्षं सांगत आले आहे, कारण आतून दोन्ही वेळा सारखंच वाटलं होतं. खरा आवाज हळू येतो, खोटा मोठ्यानं येतो, असलं काही नव्हतं. पक्केपणा तोच, पोटातली जागाही तीच. एकदा ती माझी वीस वर्षांची नजर होती आणि एकदा मळक्या कपड्यांबद्दलचा माझा पूर्वग्रह. म्हणून कुणी छातीवर हात ठेवून ‘मला आतून वाटतं म्हणजे वाटतंच’ असं म्हणालं की मी खुर्ची थोडी मागं घेते.

आता हे होतं कसं, ते थोडं. माझ्या पहिल्या रात्रीसारख्या गोष्टी जगभरच्या नर्स सांगतात आणि त्या कुणी चमत्कार म्हणून सोडून दिलेल्या नाहीत. अमेरिकेत १९९३ साली एक अभ्यास झाला. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या अनुभवी नर्स तपासणीचे रिपोर्ट यायच्या आधी ‘या बाळाला जंतुसंसर्ग होतोय’ हे कशावरून ओळखतात, हे संशोधकांनी त्यांना बारकाईनं विचारलं. नर्स म्हणायच्या, ‘बस, कळतं.’ खोदून विचारल्यावर बारीकसारीक खुणांची यादी निघाली आणि त्यातल्या काही खुणा तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत नव्हत्याच. म्हणजे तो आवाज कुठून दुसरीकडून येत नव्हता. तो अनुभवाचा साठा होता. पुष्कळ ठिकाणी आता ‘नर्सला काळजी वाटते’ एवढं कारणही तातडीच्या डॉक्टरांना बोलवायला पुरतं.

दुसरा एक प्रयोग लोक फार सांगतात, १९९७चा, पत्त्यांचा. चार गड्ड्या, दोन नुकसानीच्या. खेळणाऱ्याला कुठली गड्डी वाईट हे सांगता येण्याच्या कितीतरी आधी तिच्याकडं हात नेताना तळव्याला बारीक घाम यायला लागतो, असं त्यात दिसलं. नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं की मूळ प्रयोग करणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा खेळणाऱ्यांना बरंच आधी कळत असतं, फक्त नीट विचारावं लागतं. हा वाद मला मूळ प्रयोगापेक्षा उपयोगी वाटतो. बऱ्याचदा माहिती आपल्याकडं असते. कुणी नीट विचारलेलं नसतं.

माझे मामा गुळवे होते, म्हणजे गूळ शिजवणारे मुख्य कारागीर, करवीर तालुक्यात. गुऱ्हाळात काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस उकळत असतो, चुलव्या उसाच्या चिपाडाचा जाळ सांभाळतो, भेंडीचं पाणी घालून वर आलेली मळी काढतात. पण काहील उतरवायची कधी, हा हुकूम एकट्या गुळव्याचा. थोडी लवकर उतरली तर रवा बसत नाही, चिकट राहतो. थोडी उशिरा, तर करपतो, काळा पडतो. मामा पाकाची धार थंड पाण्यात सोडून बोटांत गोळी वळून बघायचे, ते होतंच. पण मी लहानपणी बघितलंय, गोळी बघायच्या आधीच ते पंचा कमरेला घट्ट आवळायचे. ‘कसं कळलं मामा?’ ‘आवाज बदलला न्हवं.’ मला काही आवाज बदललेला कळायचा नाही. आधी रस खळखळ उकळतो, मग पाक जड झाला की बुडबुडा फुटताना ‘फद’ असा सुस्त आवाज येतो. हे सुद्धा मला पुढं दहा-बारा आधणं शेजारी बसल्यावर ऐकू आलं.

मामांचे कान शहाणे का झाले, तर वाफ्यात निवायला ओतलेला गूळ त्यांना तासाभरात सांगायचा, तुझं बरोबर होतं का चूक. दिवसात चार-पाच आधणं, हंगामात शेकडो. चूक लपायला जागाच नाही. डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या दोन मानसशास्त्रज्ञांचे अंतःप्रेरणेबद्दलचे विचार एकमेकांच्या उलट होते, तरी २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला. त्यात त्यांचं एकमत झालं ते जवळजवळ मामांवरच. अंदाजावर विश्वास कधी ठेवावा? ज्या कामात काही नियम असतो तिथं, आणि जिथं आपला अंदाज बरोबर होता की चूक हे पुन्हा पुन्हा, लवकर कळतं तिथं. स्वतःला किती खात्री वाटते, यावर मात्र भरवसा ठेवू नये, हेही त्यांनी सांगितलं.

यावरून तुमच्या बदलीकडं बघा. बढतीवर पुण्याला जायचा निर्णय तुम्ही आयुष्यात किती वेळा घेतला आहे? एकदाही नाही. मग त्याबद्दलचा आतला आवाज शिकणार कुठं? लग्न, घर विकणं, नोकरी सोडणं, या सगळ्यात हीच पंचाईत आहे. लोक ‘आतला आवाज ऐक’ म्हणतात ते नेमकं अशाच ठिकाणी, जिथं त्या आवाजाला सरावच नसतो. उलट, समोर बसलेल्या माणसाची कर्जाची फाइल बघताना तुमच्या मनात जे चमकतं त्याला बारा-पंधरा वर्षांचा सराव असेल, आणि त्याला तुम्ही आवाज म्हणतही नसाल. (माझी दुसरी रात्र विसरू नका मात्र. मळके कपडे कर्ज मागायलाही येतात.)

मग गप्प बसून काय मिळतं? आवाज मोठा होत नाही. मी सुरुवातीला तेच समजत होते. गप्प बसल्यानं तो आला कुठून एवढं बघायला सवड मिळते, बस. वॉर्डात ‘प्यायलेला आहे’ हे वाटणं आणि त्याला कोपऱ्यात टाकणं यात दोन सेकंदसुद्धा नव्हते. त्या दोन सेकंदांची वीस करता आली असती, तर कदाचित मला त्याचा घाम वेगळा दिसला असता.

आमची रीत सांगते. दर बुधवारी सकाळी, मंगळवार पेठेत एका निवृत्त शिक्षिकेच्या माडीवर. सहा वाजून वीस मिनिटांपर्यंत यायचं. चप्पल खाली. मोबाइल बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. प्रत्येकानं चिठ्ठीवर एका ओळीत आपला प्रश्न लिहायचा, घडी घालून मांडीखाली ठेवायचा आणि मग त्याचा विचार करायचा नाही. साडेसहाला आमचे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टरकाका चमच्यानं वाटीवर दोनदा वाजवतात. डबल बेल, गाडी सुटली. चोवीस मिनिटांनी एकदा वाजवतात, थांबा.

चोवीस मिनिटं म्हणजे एक घटका. हा आकडा मी निवडला त्याला गूढ कारण काही नाही. आमच्या भागात जैन घरांत सामायिक करतात, म्हणजे एका जागी शांत बसायचं व्रत, ते दोन घटका, ४८ मिनिटं. तुमच्या जयसिंगपुरात तर तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. एवढं नव्या माणसाला बसवत नाही, म्हणून निम्मं केलं. सामायिकाचा हेतू वेगळा, समभावाचा, आणि त्याची आमच्याशी सरमिसळ करू नये. ज्यांना रीतसर, शिस्तीनं शिकायचंय त्यांना मी आळत्याला धम्मालयात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जायला सांगते. आमचं काम साधं, घरगुती आहे.

बसायचं कसंही. मांडी, खुर्ची, भिंतीला टेकून. डोळे अर्धे उघडे ठेवले तरी चालतात. तळपाय जमिनीला टेकलेत तिथून सुरुवात करून हळूहळू वर यायचं: पोटऱ्या, पोट, खांदे, जबडा. जबडा तर प्रत्येकाचा आवळलेला असतो. बाहेर शांतता नसतेच. जवळच्या तालमीत दंड मारणाऱ्या पोरांचे हुंकार, केएमटी बसचा हॉर्न, शेजारच्या खिडकीतून फोडणी. एकदा अख्खी घटका भंगारवाला खालीच उभा होता. पहिल्या वर्षी आम्ही खिडक्या लावून घ्यायचो, नंतर सोडून दिलं. तुमचा कुकर म्हणजे काही अडथळा नव्हे. शिट्टी झाली की ‘शिट्टी झाली’ एवढंच. ‘डाळ जास्त शिजली, परत आई बोलणार’ इथंवर गाडी गेली की लक्षात आलं तिथं उतरायचं आणि परत तळपायाला यायचं. चोवीस मिनिटांत हे चाळीस वेळा होतं. मला अजूनही होतं.

बेल झाली की बोलायचं नाही. हा आमचा एकमेव कडक नियम. पाच मिनिटं वही. चहा त्यानंतर. आधी चहा ठेवायचो तेव्हा पहिल्या घोटाबरोबर कुणीतरी ‘काल पाऊस काय झाला’ म्हणायचं आणि नुकतं दिसलेलं सगळं धुऊन जायचं.

वहीत चार रकाने: तारीख, काय वाटलं, अंगात कुठं वाटलं, किती पक्कं, दहापैकी. पाचवा रकाना कोरा सोडायचा, प्रत्यक्षात काय झालं यासाठी. तो दोन आठवड्यांनी भरा, सहा महिन्यांनी भरा, पण भरा. याच रकान्यानं मला माझ्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं. माणसांच्या तब्येतीबद्दल माझे अंदाज बरे निघतात. पैशाबद्दल टुकार. आणि स्वतःच्या मुलाबद्दल जितकं जास्त पक्कं वाटतं तितकी मी जास्त चुकलेली असते. हे वही नसती तर मी मेले तरी कबूल केलं नसतं, कारण आठवण फार लबाड असते. बरोबर आलेले अंदाज जपून ठेवते आणि चुकलेले गिळते. आमची आजी देवाला कौल लावायची. मूर्तीला दोन बाजूंना फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं की आजी म्हणायची, ‘फूल ओलं होतं,’ आणि परत लावायची.

आता माणसं कशाला. एक कारण अगदी साधं: एकटी असते तर मी बुधवारी साडेसहाला झोपलेली असते. पण खरं कारण महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी दिसतं. त्या दिवशी घटका झाल्यावर एखाद्याला हवं असेल तर तो आपली चिठ्ठी उघडून वाचतो. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही, अनुभव सांगायचा नाही, धीर द्यायचा नाही. फक्त प्रश्न विचारायचे, तेही ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत नाही असे. ‘तू भावाशी बोलून बघितलंस का?’ हा प्रश्न नाही, तो टोपी घातलेला सल्ला आहे. दोन प्रश्नांमध्ये भरपूर गप्प बसायचं. ही पद्धत आमची नाही. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात क्वेकर म्हणून एक ख्रिस्ती पंथ निघाला. ते प्रार्थनेला एकत्र येऊन गप्प बसतात, कुणाला आतून आलं तरच तो उठून बोलतो. अडचणीत असलेल्या माणसाभोवती चार-सहा जणांनी बसून फक्त प्रश्न विचारायचे, ही त्यांची जुनी चाल. आम्ही तेवढाच भाग उचलला.

कोल्हापूरच्या माणसाला सल्ला न देता बसवणं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको. पहिले सहा महिने कंडक्टरकाका अक्षरशः तोंडावर हात ठेवून बसायचे.

तीन वर्षांपूर्वी एक गुऱ्हाळमालक आले होते. चिठ्ठीत होतं: ‘गुऱ्हाळ बंद करू का?’ मजूर मिळत नाहीत, पोरगा चाकणला कंपनीत, ऊस कारखान्याला घातला तर डोक्याला ताप कमी. पण वडिलांनी उभं केलेलं. ते सांगत होते आणि दर वाक्याला उजव्या हातानं डाव्या मनगटावरचं घड्याळ फिरवत होते. आम्ही गप्प. मग शिक्षिकाबाईंनी विचारलं, ‘शेवटचं तिथं तुम्हाला कधी बरं वाटलं होतं?’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘रात्री जाळ पडल्यावर. सगळी गेल्यावर.’ पुन्हा गप्प. मग एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या आमच्या पोरीनं विचारलं, ‘काका, यंदा हंगामाच्या आधी काय काय तयारी केली?’ तिला खरंच माहीत नव्हतं, गुऱ्हाळाची तयारी काय असते. ते सांगायला लागले. चिपाड वाळवून रचायचं, काहील घासायची, चुलवाण लिंपायचं... आणि थांबले. घड्याळ फिरवणं थांबलं. म्हणाले, ‘चुलवाण लिंपलं नाही. गेल्या वर्षीपण नाही.’

त्यांनी काहीच ठरवलं नाही त्या दिवशी. चहासुद्धा न घेता गेले. पुढच्या महिन्यात येऊन म्हणाले, ‘मी दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. मलापण नाही.’ आमच्यातल्या कुणीही त्यांना ‘बंद करा’ म्हटलं असतं, तर ते तिथंच तणतणत ‘चालवूनच दाखवतो’ म्हणून उठले असते. एकट्यानं बसून त्यांना हे दिसलं असतं? कदाचित. पण चुलवाणाबद्दल एकटा माणूस स्वतःला कशाला विचारेल, त्याला ते माहीतच असतं.

तुमचा भीतीचा प्रश्न. नेमकी चाचणी माझ्याकडं नाही, आणि आहे म्हणणाऱ्याकडं जपून जा. वहीतून दिसलेल्या काही खुणा सांगते, पण त्या खुणाच आहेत. भीती बहुतेक वेळा लांबलचक बोलते: ‘पुण्याला गेले, आणि आईला काही झालं, आणि मी पोचले नाही, आणि लोक म्हणाले...’ तिच्यात जर-तर असतं, गर्दी असते, प्रेक्षक असतात. साठ्यातून आलेली गोष्ट तोकडी असते आणि बहुधा समोरच्या एखाद्या वस्तूबद्दल असते. माझ्या पहिल्या रात्री एवढंच होतं: इथं थांब. तिला वाद घालता येत नाही. भीतीला घालता येतो, आणि ती जिंकतेही. दुसरं म्हणजे झोप झाल्यावर, पोटात काही गेल्यावर परत बघा. भीतीचा आकार बदलतो. आणि भीतीपेक्षा फसवी असते ती इच्छा. ती अगदी आतल्या आवाजाच्या सुरात गाते, म्हणून जे आपल्याला हवंच होतं तेच आतून ‘आलं’, की वहीत त्यापुढं मी फुली मारते.

कधी कधी भीतीच बरोबर असते, हेही आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा वाढत होती. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. नदीजवळ राहणारे माझे एक नातेवाईक घर सोडायला तयार नव्हते. ‘२००५ला उंबऱ्यापर्यंत आलं आणि परत गेलं. मला नदी कळते.’ आयुष्य नदीकाठी गेलेला माणूस, त्यांची नजर खोटी नव्हती. घाबरत होती ती त्यांची सून. बाहेरून लग्न होऊन आलेली, नदीतलं काही न कळणारी. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि त्या दोघांना होडीतून काढावं लागलं. साठा जुन्या नदीचा होता आणि नदी बदलली होती. म्हणून असं काही असेल तर आधी आकडे बघायचे, मग आतला आवाज. छातीत दुखतंय, गाठ लागली, तरीही तेच. आतून ‘काही नाही’ वाटत असलं तरी डॉक्टर. शेअर बाजाराबद्दल आतून काही वाटलं तर थंड पाणी प्या.

आणखी एक, नर्स म्हणून सांगायलाच हवं. गप्प बसल्यावर कुणाकुणाला जुनं काहीतरी उसळून येतं, श्वास कोंडतो, हातपाय गार पडतात. तेव्हा नेट लावून बसू नका. डोळे उघडा, उठा, जिन्यातून खाली जाऊन या. आमच्याकडं त्याला कुणी काही म्हणत नाही. आणि खरोखर कानाला आवाज ऐकू येत असतील, ते हुकूम देत असतील, झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो या लेखातला आवाज नव्हे. त्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि टेली मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर आहे. मराठीत बोलता येतं.

आता तुमच्या बदलीचं. ‘पुणे की जयसिंगपूर’ हा प्रश्न घेऊन बसू नका, तो फार मोठा आहे आणि निम्मा हिशोबाचा आहे. पगारातला फरक, घरभाडं, आईकडं कोण बघणार, नकार दिला तर पुढची संधी कधी, हे कागदावर मांडा. ते मांडून झाल्यावर जे उरतं ते घेऊन बसा. आणि तुमच्या आवाजाला थोडा सराव द्या. सुट्टी टाकून पुण्याला आठ दिवस राहा, पण पाहुणी म्हणून नको. ज्या शाखेत जायचं आहे तिथं सकाळी नऊला पोचायचं, संध्याकाळी सातला परत, भाजी घ्यायची, एकटीनं जेवायचं. रोज रात्री वहीत दोन ओळी. मामा म्हणायचे तसं, काहिलीजवळ न बसता पाक कळत नाही.

गटासाठी दर बुधवारी कोल्हापूर गाठायची गरज नाही. दोन माणसं पुरतात. सासूबाई चालतील, बँकेतली मैत्रीण चालेल, नवरा चालेल असं मी म्हणत नाही, कारण त्याचा पगार, त्याचं घर या निर्णयात अडकलेलं आहे आणि त्याला निव्वळ प्रश्न विचारता येणार नाहीत. वाटी कुणीतरी दुसऱ्यानं वाजवायची. मोबाइलचा गजर लावला की प्रत्येक जण डोळा किलकिला करून किती राहिलं ते बघतो, हे मी नऊ वर्षांच्या अनुभवानं सांगते.

एकदा बघायचंच असेल तर महिन्याच्या शेवटच्या बुधवारी या, आदल्या रात्री इथं मुक्कामाला येऊन. दोनशे पानी वही आणा, शंभर पानी पुरत नाही. पहिल्या दिवशी बहुधा झोप लागेल, घोरलात तर शेजारची बाई कोपरानं हलवेल. आणि तुमची चिठ्ठी पहिल्याच वेळी वाचलीच पाहिजे असं काही नाही. ते गुऱ्हाळवाले काका पाच महिने नुसतेच येऊन बसायचे.